कुडापलीकडे

काशीने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि ती डिलिव्हरीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत तिच्या लेकीला, पूजाला, पहाटेपासून कळा येत होत्या. दार जरासं किलकिलं झालं आणि नर्सने डोकं बाहेर काढलं.

"दीपेश आले का?"

"दीपेश? तो जावय माजा. त्याचं काय काम हितं? मी हाय ना, तिची आई. मीच येते."

"मावशी, आत एकालाच घेतो आम्ही. कोणाला, ते जिचं बाळंतपण तीच ठरवते. पूजाने नवऱ्याचं नाव सांगितलंय."

दार लागलं. काशीच्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. धसईहून जीपमध्ये सोबत आलेली शेजारीण लहानी बाकावरून हे सगळं बघत होती.

"आता गो बया," लहानी हळूच म्हणाली, "बाप्या आत नि आई भायेर. नवलच म्हणायचं."

काशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूजा सातव्या महिन्यात किन्हवलीहून माहेरी आली, तेव्हापासून प्रत्येक तपासणीला मुरबाडला तीच घेऊन येत होती. इथल्या डॉक्टरीणबाईंच्या सगळ्याच तऱ्हा निराळ्या. पोरीला पडून राहायला सांगायच्या नाहीत, फिर म्हणायच्या. पेज पी, पाणी पी. बसावंसं वाटलं तर बस, उकिडवं व्हावंसं वाटलं तर तसं हो. गरज नसेल तर सुई नाही, सलाईन नाही. आपलं माणूस जवळ असलं की बाईचं बाळंतपण सोपं जातं, हजारो बायकांचं बघून हे सिद्ध झालंय, असंही त्या म्हणाल्या होत्या. काशीने मागे एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं, "समदं घरच्यासारखंच करायचं, तर मग आमचं घर काय वाईट होतं?" बाई हसल्या होत्या. "काही वाईट नव्हतं. पण रक्त थांबलं नाही तर घरी काय केलं असतं?" काशीला लहानीची जाऊ आठवली होती. ती तशीच गेली होती, भरल्या घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पण आपलं माणूस म्हणजे आईच, यात काशीला तिळभर शंका नव्हती. लेकीच्या पाठीशी आईने बसायचं, तिला मागून धरायचं, तिच्या कानात बोलत राहायचं. तेवढ्यासाठी तर पहिलटकरीण माहेरी आणतात. आणि जावई? जावई पाचवी पुजल्यावर येतो, बाळाच्या हातावर काहीतरी ठेवतो, जेवतो आणि जातो. आजवर असंच चालत आलेलं.

एवढ्यात दीपेश आलाच. कल्याणच्या कंपनीतून ड्यूटी अर्धी टाकून मोटारसायकलवर आलेला, डोक्यावरच्या केसांत धूळ. काशी दार अडवून उभी राहिली.

"जावयबापू, तुमी बसा भायेर. ही बायांची कामं. मी हाय हितं."

आतून पूजाचा आवाज आला. दमलेला, पण स्पष्ट.

"आई, त्यांना येऊ दे गो. तू आलीस की मला नुसतं रडायला येईल."

दीपेश खाली मान घालून तसाच उभा. आता खिडकीपाशी बसलेला काशीचा नवरा, देवराम, उठला. त्याने जावयाच्या खांद्याला हात लावला आणि काशीला म्हणाला,

"सर बाजूला. जाऊ दे त्याला."

काशी सरली. दीपेश आत गेला. दार लागलं, तशी ती नवऱ्याकडे वळली. जावयावर काढता येत नाही तो राग काढायला नवरा होताच.

"तुमी मधी कशाला बोलता? तुमाला काय ठावं बाळंतपणातलं? तुमी तर म्हशाला गेलेलात."

लहानीला एकदम चहाची आठवण झाली. ती उठून बाहेरच्या टपरीकडे गेली. हे म्हशाचं प्रकरण आळीत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

पूजा नव्वद सालची. पौषातली. अनिल, थोरला, काशीच्या माहेरी झाला. हे दुसरं, म्हणून सासरीच. मागच्या पडवीत जागा केली होती. कुडाच्या भिंतीला नवं सारवण, शेगडीवर ओवा टाकलेला, आणि सोमी सुईण गुडघ्यावर हात ठेवून बसलेली. सासूने मागून काशीला छातीशी धरलं होतं. एरवी उठता बसता टोमणे मारणारी बाई, पण त्या दिवशी कानाशी सारखं "माजी बाय, माजी बाय" म्हणत होती. आळीतल्या बाया येऊन बसायच्या, कोणी सुंठेचं पाणी आणायची, कोणी चावट काहीतरी बोलून हसवायची. काशीला आजही ओव्याचा धूर नाकाशी आला की तो दिवस आठवायचा आणि बरं वाटायचं. सासूही गेली आता, सोमीही गेली. तसं चार हातांनी धरणं पुन्हा कुठलं यायला!

सलत होतं ते एकच. तिकडे ती जिवाच्या आकांताने ओरडत असताना तिचा नवरा बैल बघायला म्हशाच्या जत्रेला गेला होता. संध्याकाळी आला तो हात हलवत. बैल नाही, बांगडी नाही, लेकीला एक खुळखुळासुद्धा नाही. त्या खुळखुळ्यावरून काशी इतकी वर्षं भांडत आली होती. सणासुदीला, लग्नाकार्यात, कधीही. आणि देवराम ऐकून घेत आला होता.

"मी म्हशाला गेलो नव्हतो," बाकावर बसत देवराम म्हणाला.

काशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आयेने घरातनं काढला मला. बाप्याने हितं थांबू नको म्हणाली, जा जत्रेला. गेलो वेशीपतोर. फुडं पायच उचलंना. मग फिरलो नि कुडामागं येऊन बसलो, पेंढ्याच्या आडोशाला. दिस बुडंपतोर."

"खोटं नका बोलू."

"तू मधीच सोमीला म्हणालीस, बैलांना पाणी नाय दाखवलंय कुणी. समद्या बाया हसल्या. आठवतं?"

काशीला आठवलं. हे ती कधी कोणाला बोलली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय!

"मग दाखवलं कुणी पाणी?" देवराम म्हणाला. "मीच दाखवलं. मागनंच नेले, मागनंच आणून बांधले."

आतून पूजाचं लांबलचक कण्हणं ऐकू आलं आणि त्याच्या जोडीला दीपेशचा आवाज, हळू, सारखा काहीतरी सांगणारा. आवाज उतरल्यावर काशी म्हणाली,

"येवढी वर्सं मी बोलत राहिले. मला येकदा तरी सांगायचं."

"बाई अडलीय नि बाप्या कुडाला कान लावून बसलाय. गावाने शेण घातलं असतं तोंडात."

"गाव राहू दे. मला सांगायचं."

देवरामने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"तू आणखी येक बोललीस. मी गेले तर माज्या अनिलला माज्या आयेकडं धाडा. त्याच्या बापाला काय पडलंय."

काशीला हे आठवत नव्हतं. ती बोलली असेल. त्या घटकेला बाई काय वाट्टेल ते बोलते, आणि नंतर विसरतेसुद्धा. ऐकणारा मात्र विसरला नव्हता.

"मी कुडामागं हाय सांगितलं असतं, तर हे ऐकलं तेबी सांगावं लागलं असतं," देवराम म्हणाला. "त्यापरीस म्हशाला गेलो तेच बरं."

काशीला भडभडून आलं. खुळखुळ्याचं एकेक भांडण तिला आठवू लागलं. पाहुण्यांच्या पंगतीत काढलेलं, अनिलच्या हळदीत काढलेलं. हा माणूस दर वेळी खाली बघून जेवत राहायचा. ती सरकून त्याच्या जवळ बसली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने आतून एक बारीक, चिरका आवाज आला. मग आणखी मोठा. मग पूजाचं हसणं की रडणं, ते कळेना. दीपेश तर उघडच रडत होता. लहानी चहा घेऊन आली होती, तिने कप बाकावर ठेवले आणि हात जोडले.

नर्सने दार उघडलं.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाळ आईच्या अंगावरच आहे, दूध प्यायला लागलंय. मावशी, तुम्ही येता का बघायला? सध्या एकानेच या."

काशी उठली. तिच्याबरोबर देवरामही उठला होता, आपल्याही नकळत. मग लक्षात येऊन पुन्हा बसायला वाकला.

"जा तू," तो म्हणाला. "बायांनी आधी जायचं असतं."

"काय नको," काशी म्हणाली. "आधी तुमी."

"अगो, मला काय कळतंय त्यातलं?"

लहानीने तोंडाला पदर लावला. काशीने तिच्याकडे पाहिलं नाही. देवराम दाराशी गेला, चपला काढून उभा राहिला, पण पाऊल काही उचलेना. काशीने मागून त्याच्या पाठीला हात लावला आणि तो आत जाईपर्यंत तसाच ठेवला.