रक्ताचा माग

आवाज झाडांमधून विरून गेला तरी सीमाने बंदुकीच्या दस्त्यावरचा गाल उचलला नव्हता. मग तिने अंगठ्याने सेफ्टीची कळ लावली, नळी आभाळाकडे केली आणि मचाणावर शेजारी बसलेल्या आईकडे न बघता म्हणाली,

"लागली, आई. पण हरीण पळालं."

गोळी सुटली त्या क्षणी मृणालिनीने मनात मागितलं होतं, चुकू दे. एकदा नेम चुकला, चार तास थंडीत कुडकुडावं लागलं, की पोरीच्या डोक्यातलं खूळ आपोआप जाईल, या आशेवरच ती ईडन प्रेरीतल्या घरून दीड तास गाडी हाकत या जंगलात आली होती.

खूळ तसं वर्षभराचं जुनं. मिनेसोटात नोव्हेंबरच्या सुरुवातीचा तो शनिवार म्हणजे सणच. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, वर्गातली निम्मी मुलं बापाबरोबर जंगलात जातात आणि सोमवारी शाळेत दुसरा विषय नसतो. चौदा वर्षांची सीमा त्या सोमवारांना कंटाळली होती. शेजारी राहणारे डेल लुंडग्रेन, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, मुलांसाठी बंदुकीचा क्लास घेत. त्याच्या फॉर्मवर सीमाच्या बाबांनी, प्रसन्नने, सही केली ती 'सेफ्टी' एवढा एकच शब्द वाचून.

"मला वाटलं स्विमिंगसारखं काहीतरी असेल, यार," तो नंतर म्हणाला.

ज्या घरात अंडंसुद्धा केकमधूनच काय ते यायचं, त्या घरात हे. पण सीमा एकही दिवस न चुकवता क्लासला गेली, परीक्षेत पहिली आली, आणि नाही म्हणायला मृणालिनीला तोंड उरलं नाही. मी बरोबर येणार, एवढीच अट तिने घातली.

अर्ध्या तासाने डेल आपल्या मचाणावरून चालत आले. गोळी झाडल्यावर तेवढं थांबायचं, हा त्यांनीच शिकवलेला नियम. हरीण उभं होतं तिथे तिघं पोचली. ओकच्या वाळक्या पानांवर चार-पाच थेंब होते.

"स्नायूत लागलं असावं," डेल वाकून इंग्रजीत म्हणाले. "थोडं पुढे जाऊन बघू या."

मृणालिनीने हातमोजा काढला. एक पान उचलून उजेडाकडे धरलं, थेंब चिमटीत चोळून पाहिला. हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट होती. रक्त रोजचंच, पण काचेवर, भिंगाखाली. असं हातात तिने कैक वर्षांत घेतलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "फार गडद आहे. फेस नाही, म्हणजे फुफ्फुसही नाही. यकृताला लागलंय. ते जगणार नाही. पण लगेच मरणारही नाही."

डेलनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टोपी मागे सारली. "असं असेल तर आत्ता मागे लागून उपयोग नाही. मैलभर पळेल बिचारं. न छेडता राहू दिलं तर जवळच कुठेतरी बसेल. दोन तास तरी थांबावं लागेल."

मायलेकी एका आडव्या पडलेल्या खोडावर बसल्या. डेल मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले. सीमाची नारिंगी टोपी कपाळावर उतरली होती, ती तिने सारखी केली नाही.

"आय मेस्ड अप," ती पुटपुटली. मग एकदम वळून म्हणाली, "आई, लेट्स जस्ट गो होम. प्लीज. मिस्टर लुंडग्रेन शोधतील ना."

वर्षभर हेच वाक्य ऐकायची मृणालिनी वाट पाहत होती. गाडी पाच मिनिटांवर होती. तिचा हात खिशातल्या किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "ते तिकडे पडलंय. त्याला तसं टाकून आपण जायचं नाही."

"तुला तर हे नकोच होतं."

"नको होतं. अजूनही नकोय." तिने थर्मासमधला चहा ओतला. "पी. गार होईल."

दोन तासांनी तिघं निघाली. शेवटचा थेंब दिसेल तिथे सीमाने उभं राहायचं, मृणालिनीने वाकून पुढचा शोधायचा, तो सापडला की हाक मारायची. डेल मागून येत राहिले. एकदा माग पुरता तुटला. मृणालिनी गुडघ्यांवर बसून पानं एकेक करून उलटत राहिली, आणि एका गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला तिला तो पुसट डाग दिसला.

बर्चच्या पडलेल्या झाडाआड हरीण बसलं होतं. त्यांना पाहून त्याने मान उचलली. उठलं मात्र नाही.

"आई, तू त्यांना सांग ना गोळी घालायला." सीमा म्हणाली.

डेल दहा पावलांवर थांबले होते. ते सीमाकडे नाही, मृणालिनीकडे बघत होते. तिने मानेनेच नाही म्हटलं. मग लेकीच्या मागे जाऊन तिच्या पाठीवर तळवा टेकला. जाड जाकिटातूनही थरथर कळत होती.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "आधी श्वास सोड."

तळव्याखालची पाठ हळूहळू स्थिर झाली. मग गोळीचा धक्का तिच्या हातापर्यंत आला.

त्यानंतर सीमा पानांतच बसून रडली. मृणालिनीने तिला उगी केलं नाही, रडू दिलं. जरा वेळाने डेल कमरेचा सुरा काढत पुढे आले. पहिल्या खेपेला मुलांनी फक्त बघायचं असतं, पोट चिरून आतडी काढायचं काम मी करतो, असं ते हलक्या आवाजात म्हणाले.

मृणालिनी जाकीट काढत होती. बाह्या कोपरापर्यंत सारून ती म्हणाली, "मी करू?"

डेलनी सुरा उलटा करून मूठ तिच्याकडे केली. लागतील तेवढ्या सूचना दिल्या. तिला फार लागल्या नाहीत. थंड हवेत वाफ वर आली. मृणालिनीचे हात सवयीने चालू लागले, आणि तिचा आवाजही निराळा झाला, घरी कधी न ऐकू येणारा.

"इथून गेली बघ पहिली गोळी. यकृताच्या कडेतून. तू वीतभर मागे मारलीस."

सीमा नाक पुसत जवळ आली. "तू रोज हे करतेस?"

"तुकड्यांत. अख्खं फार वर्षांनी."

"ग्रॉस," सीमा तोंड वाकडं करत म्हणाली. पण ती मागे सरकली नाही. थोडा वेळ पाहत राहिली, मग हातमोजे काढून तिने हरणाचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि बाजूला ओढून ठेवला, आईला आतलं नीट दिसावं म्हणून.