सर्वांत आधी शोकाकुल

वर्तमानपत्राचं निधनाचं पान ज्याच्या टेम्प्लेटमधून, म्हणजे संगणकावरच्या साच्यातून, रोज बाहेर पडे, त्या टेम्प्लेटवाल्याचेच सासरे गेले. अप्पा सुटले, मागे उरला तो निवेदनातल्या नावांच्या क्रमाचा प्रश्न.

"माझं नाव पहिलं आलं पाहिजे," बायको म्हणाली. "अप्पांचं सगळं मी केलं. दोघे दादा काय करायचे? येऊन पंख्याचा आवाज फार होतो म्हणून सांगून जायचे."

मागणी रास्त होती. अडचण होती ती आचार्यांची. पर्ल या संगणकभाषेत ही सगळी प्रणाली लिहिणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात आचार्य म्हणत, आणि त्यांना तो गौरव वाटे. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मुलगे आधी, मग सुना, मुली शेवटी, असा क्रम ठोकून बसवलेला होता. प्रोग्रॅमला हात लावायचा हक्क त्यांचा एकट्याचा. टेम्प्लेटवाल्याने हाती आलेली यादी निमूट दाखवायची. बदलायला गेलं तर प्रणाली ती आज्ञा गिळून गप्प बसे. समोरच्याला उत्तर देणं तिला कमीपणाचं वाटे. हा गुण थेट जनकाकडून आलेला.

तरी तो विचारायला गेला.

"टेम्प्लेट म्हणजे आरसा," चहात बिस्कीट बुडवत आचार्य म्हणाले. "आरशाने कुणाचं नाक सरळ करायचं नसतं."

"पण सर, नाक तुम्हीच वाकडं केलंय. मुली शेवटी कशाला?"

"ते बिझनेस लॉजिक आहे." अडलं की आचार्य इंग्रजीत शिरत. बिस्कीट तुटून चहात बुडालं, तेही बहुधा लॉजिकनेच.

जागेवर येऊन त्याने एकेक दार ठोठावून पाहिलं. नातेवाइकांची यादी कडेकोट बंद. पण प्रत्येक निवेदनात त्या यादीच्या डोक्यावर 'शोकाकुल' हा शब्द येई, आणि आचार्यांनी त्या एका शब्दासाठीही वेगळी यादी करून ठेवली होती. तिला कुलूप लावायचं ते विसरले होते. 'निवेदन अप्पांचं असेल तर शोकाकुलच्या पुढे हे नाव घाल', ही आज्ञा प्रणालीने मुकाट ऐकली. खाली मुलींमध्ये आलेलं तेच नाव गाळणं तर सोपंच. न दाखवायला मनाई नव्हती. पडद्यावर बायको वर, दादा खाली.

"आरसा म्हणे!" तो पुटपुटला आणि घरी गेला. पुढचं निवेदन उघडून बघावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. अक्कल उतू जात असली की असं होतं.

टेम्प्लेटला दर निवेदनासाठी 'शोकाकुल'च्या यादीची नवी प्रत मिळते, असा त्याचा समज. मिळत होती मूळ यादी, आणि प्रोग्रॅम तीच एक यादी सगळ्या पानाला वापरत होता; एकदा घातलेलं नाव तिच्यात तसंच राहिलं. अप्पांच्या मागे रांगेत असलेल्या प्रत्येक मृतासाठी त्याची बायको सर्वांत आधी शोकाकुल झाली.

सकाळी एका निवृत्त स्टेशनमास्तरांची पत्नी काउंटरवर उभी होती. "कोण ही भवानी? माझ्या नवऱ्यासाठी माझ्याआधी रडायला हिला कुणी बोलावलं?"

संपादकांनी आचार्यांना आणि टेम्प्लेटवाल्याला आत घेतलं. नोकरी गेली, असं धरून त्याने तोंड उघडलं. "सर, टेम्प्लेटमध्ये मी—"

"थांब." आचार्यांनी हात वर केला. "टेम्प्लेटमधून डेटा बदलताच येत नाही. मी बनवलंय."

"मग नाव आलं कुठून?" संपादकांनी विचारलं.

"घरच्यांनीच दिलं असणार. दुःखात लोक काहीही लिहितात."

"सगळ्या घरच्यांनी? एकाच बाईचं?"

"मोठा जनसंपर्क असेल."

टेम्प्लेटवाल्याने तोंड मिटलं. अशा माणसाचं मन मोडणं त्याच्या जिवावर आलं.

घरी पोचला तेव्हा बायको मोठ्या दादाशी फोनवर बोलत होती. पेपर मांडीवर पसरलेला.

"नाही रे दादा, तुझ्या एकट्याच्या नाही," ती शांतपणे सांगत होती. "नीट बघ. मी सगळ्यांच्याच वर आहे."