आत्मारामचा नंबर

जन्मभर कोळंबी सोललेल्या बाईच्या बोटांवर ठसे शोधायचे म्हणजे वाळूत सांडलेली साखर वेचायची. मिरकरवाड्याच्या येसूबाईने उजवा अंगठा लावला, डावा लावला, मग पदराला पुसून एकेक बोट लावून पाहिलं. मशीन आपली दर वेळी तांबडी होऊन नाही म्हणाली. मेली मशीन, बर्फात हात घालून कधी बसलीय ती?

निराधारांची पेन्शन चालू ठेवायची तर माणूस जिवंत आहे हे दर वर्षी ऑनलाइन सिद्ध करावं लागतं, आणि आज त्याचा शेवटचा दिवस. येसूबाईला ना मूल ना बाळ. त्या पेन्शनवर तिचा तांदूळ आणि दम्याचा पंप चालायचा. ती एकदा बंद पडली की पुन्हा कधी सुरू होईल ते देवालाच ठाऊक. वेदिका ही वाडीतलीच मुलगी, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत लॅपटॉप मांडून बायकांची असली कामं फुकट करायची. ती म्हणाली, घाबरू नको, ठसा नाही तर ओटीपी चालतो, मोबाइलवर आकडा येईल तो टाकायचा. तिने नंबर वाचून दाखवला आणि येसूबाईचा चेहरा उतरला.

नंबर आत्माराम तांडेलाचा होता. आधारकार्डं काढली तेव्हा अख्ख्या गल्लीत मोबाइल त्याच्याचकडे, म्हणून सगळ्यांनी बिनदिक्कत त्याचाच नंबर देऊन टाकला. येसूबाईचा नवरा केरू तेव्हा आत्मारामच्या बोटीवर खलाशी होता. पुढे एका वादळात केरू बोटीवरून पाण्यात गेला तो गेलाच. धक्क्यावर सगळ्यांदेखत येसूबाई आत्मारामला म्हणाली होती, "बोट तेवढी आणलीस, माझा माणूस ठेवून आलास." त्यानंतर दोघांत शब्द नाही. समोरून आला की ती तोंड फिरवायची. त्याचा दोष नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण दुःखाला बसायला कुणाचं तरी अंगण लागतंच.

आणि आता तो आत्माराम समुद्रात, पावस गावाच्या समोर कुठेतरी खोल पाण्यात. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. जाऊ दे, माझं नशीब, असं म्हणून येसूबाई उठली. पण वेदिका कसली ऐकतेय! तिने सोसायटीचा वायरलेस उचलून आत्मारामकाकाला हाक घातली आणि काम सांगितलं. तिकडून उत्तर आलं की बांगड्याचा थवा आत्ताच लागलाय, जाळं पाण्यात आहे, उद्या चालेल का? येसूमावशीचं आहे, वेदिका म्हणाली, उद्या नाही चालणार.



"वहिनीला बसवून ठेव," आत्माराम म्हणाला. "जाळं ओढून घेतो, निघतो लगेच."

हाताशी आलेली लक्ष्मी सोडून कोण येतो हो? येसूबाई बाकावर बसून राहिली. इतकी वर्षं या पाण्याकडे ती केरूसाठी बघत आली होती. आज पहिल्यांदाच ती आत्मारामची वाट बघत होती.

ऊन कललं तेव्हा वायरलेस पुन्हा बोलला. भगवतीचा किल्ला दिसतोय, रेंज आली, पाठव. वेदिकाने बटण दाबलं. ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून बँकवाले कानीकपाळी ओरडतात, आणि आत्मारामने तो बंदरातल्या झाडून सगळ्या बोटींना ऐकू जाईल असा खणखणीत वाचला. वेदिकाने आकडे टाकले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. येसूबाई सरकारदरबारी आणखी एक वर्ष जिवंत होती. तिने लॅपटॉपला हात जोडले, मग वेदिकाच्या गालांवरून बोटं फिरवून ती कपाळावर मोडली.

पुढल्या वर्षी हा घोळ नको, वेदिका म्हणाली, आधार केंद्रावर जाऊन तुझा स्वतःचा नंबर लावून घेऊ. येसूबाईने वायरलेस मागितला. कुठे दाबायचं, कुठे बोलायचं ते वेदिकाने दाखवलं.

"आत्माराम, मी येसू बोलतेय," ती म्हणाली. "लय उपकार झाले रे बाबा."

बटण तिने दाबूनच ठेवलं.

"ही पोर नंबर बदल म्हणतेय. मी नाय बदलणार, तुझाच ठेवते. तेवढ्यासाठी तरी दर वर्षी किनाऱ्याला परत येत जा."