‘उरली’च्या पुढची जागा

गुरुशांत पाथरवटाने ‘हाती’ कोरून संपवले, फुंकर मारून अक्षरांतली भुकटी उडवली आणि मान वळवून विचारले, “बाई, मगापास्नं उन्हात उभ्या हाव. मास्तरांच्या घरच्या का?”

वैजयंतीबाईंनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्यांचे त्यांनाही कळले नाही. शाळेच्या आवारात लिंबाखाली पुरुषभर उंचीची काळी शिळा उभी होती. वर मडिवाळप्पा मास्तरांचे नाव, जन्ममृत्यूची सालं आणि खाली त्यांची शेवटची चार ओळींची कविता. पहिल्या तीन ओळी कोरून झाल्या होत्या. चौथीतले ‘हाती’ आत्ता झाले. पुढचे ‘आता उरली बेडी’ एवढे अजून गेरूनेच रंगवलेले होते, आणि बाईंची नजर त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांवरून हलत नव्हती.

“शेवटचा शब्द कधी कोरणार?” त्यांनी विचारले.

“‘उरली’पर्यंत नेतो, मग जेवन. ‘बेडी’ जेवून आल्यावर. जोडाक्षर न्हाई काय न्हाई, सोपं काम हाय.” गुरुशांतने छिन्नी लावली. “उद्या सकाळी कार्यक्रम हाय न्हवं.”

म्हणजे बाईंच्या हातात फार तर दीड तास होता. तीसेक वर्षे ज्यांनी तोंड उघडले नाही त्यांना दीड तास म्हणजे काहीच नव्हे. पण त्यांनी पदर खोचला, फाटकाबाहेर येऊन रिक्षाला हात केला आणि बाळीवेशीत जायचे म्हणून सांगितले.

मडिवाळप्पा मास्तरांबद्दल नव्या पिढीला सांगायचे तर जरा मागे जावे लागते. दुधनीकडच्या एका खेड्यातला हा मुलगा. घरात कन्नड, शाळेत मराठी. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि गिरणीच्या फाटकावर स्वतःची गाणी म्हणायचा. गाणी कामगारांच्या तोंडी बसली आणि मास्तर तुरुंगात गेले. तिथे कागद मिळेना तेव्हा कोळशाने भिंतीवर लिहिले. भिंतीला चुना लावला की पुन्हा लिहीत. सुटून आले, याच शाळेत शिकवले, बेचाळीसला परत आत गेले. स्वराज्य आल्यावर लोकांनी त्यांना निवडून दिले आणि पुढे ते मंत्री झाले. मुंबईत बारा वर्षे काढली. त्या बारा वर्षांत एक ओळ लिहिली नाही म्हणतात. मग कोणत्याशा फायलीवर सही करायची नाही म्हणून अडून बसले, खुर्ची गेली, आणि एक ट्रंक घेऊन बाळीवेशीतल्या तीन खोल्यांत परत आले. दार उघडायला थोरली लेक होती, सावित्रम्मा. तिचे लग्न राहिले ते राहिलेच. बापाचे धोतर, औषध, पत्रांची उत्तरे, सगळे तीच बघायची.

मास्तर शेवटच्या आजारात सरकारी दवाखान्यात होते तेव्हा वैजयंती बावीस वर्षांची होती. करमाळ्याकडून नुकतीच सोलापुरात आलेली, नर्सचा पांढरा पोशाख अजून अंगाला बसायचा होता. सावित्रम्मा अकरा दिवस बापाच्या उशाशी होत्या. बाराव्या दिवशी सकाळी वैजयंतीनेच त्यांना हट्टाने घरी पाठवले, की अंघोळ तरी करून या, मी बसते. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने मास्तरांनी बोटांनी लिहिण्याची खूण केली. कागद कुठला? तिने तापाचा तक्ता काढला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. मास्तर थांबत थांबत सांगत होते:

शब्द होते, ते लोकांना दिले,
खुर्ची होती, तीही दिली;
अनवाणी मी घरी परतलो,
हाती आता उरली

इथे ते थांबले. धाप लागली होती. दुधाची वेळ झालीच होती, म्हणून वैजयंतीने एका हातात तक्ता तसाच धरून दुसऱ्या हाताने तोटीचा कप त्यांच्या ओठांना लावला. मास्तरांनी मान बाजूला केली आणि एक शब्द बोलले. तिने कप खाली ठेवला आणि तो शब्द लिहून घेतला. बेडी. तासाभरात मास्तर गेले. सावित्रम्मा ओल्या केसांनी धावत आल्या तेव्हा चादर वर ओढलेली होती.

पुढे कवितेचे जे झाले ते वैजयंतीच्या हातचे राहिले नाही. ती वर्तमानपत्रात आली, पुस्तकात आली, निवडणुकीच्या भाषणात आली. कोणी म्हणाले बेडी म्हणजे सत्ता, कोणी म्हणाले बेडी म्हणजे देह. एका विद्वानांनी तर ‘दिली’ला ‘बेडी’ हे यमक मुद्दाम मोडले आहे, यमक मोडून कवीने बेडीच मोडली आहे, असे सतरा पाने लिहिले. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक ओळ छापून आली, की ही रचना परिचारिका वैजयंती यांनी टिपून घेतली. वैजयंतीच्या घरात त्या पानाला चौकट आहे. सासरी, माहेरी, दवाखान्यात तिला त्यामुळे मान मिळाला. कविता उतरवणाऱ्या सिस्टर म्हणून डॉक्टर नव्या लोकांना तिची ओळख करून देत.

सात-आठ वर्षे अशी गेली. एकदा वॉर्डात दुधनीची एक म्हातारी आली. तिला दूध पाजायला वैजयंती गेली, तर म्हातारीने कप ढकलला आणि नम्रपणे म्हणाली, “बेड्री, सिस्टर.” तोवर वैजयंतीला कामापुरते कन्नड यायला लागले होते. बेड म्हणजे नको. त्याला मानाचा री लावला की नुसते नको राहत नाही, आपल्या ‘राहू द्या’सारखे होते. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे मधला र गळून ते ‘बेडी’सारखेच ऐकू आले.  मास्तरांच्या तोंडातही दात नव्हते. कवळी तिनेच काढून वाटीत ठेवली होती.

तेव्हाच सांगायला हवे होते. पण कविता तोवर शाळेच्या पुस्तकात गेली होती, आणि एका नर्सने उठून सांगायचे की अहो, ते कवितेतले नव्हे, ते दुधाबद्दल होते? लोक हसले असते. आज सांगू, उद्या सांगू करता करता वैजयंती निवृत्त झाली. मुले पुण्याला गेली, नवरा वारला, गुडघे धरले. तिची वैजयंतीबाई झाली आणि गोष्ट पोटातच राहिली.

राहिलीही असती. पण मागच्या आठवड्यात स्मारक समितीचे अभिमन्यू सर पत्रिका घेऊन आले. उद्घाटनाला तुमचा सत्कार आहे म्हणाले. बाईंनी सहज विचारले की सावित्रक्का येणार ना. सर जरा अवघडले. मग म्हणाले की त्या येत नाहीत, कधीच येत नाहीत. ती कविता जिथे असेल तिथे मी उभी राहणार नाही म्हणतात. शेवटी अप्पांच्या हाताला कोण होते, मीच होते, मग बेडी कोण, असे त्यांनी सरांनाच विचारले होते. सर चहा पिऊन गेले. बाईंचा चहा तसाच राहिला. आपली चूक कवितेत आहे असे त्या इतकी वर्षे समजत होत्या. ती एका बाईच्या काळजात जाऊन बसली आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

बाळीवेशीत सावित्रम्मा उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. चौऱ्याहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण हात भरभर चालत होते. त्यांनी वर पाहिले आणि लगेच ओळखले. “सिस्टर न्हवं तुमी? बसा की.” आवाजात राग नव्हता, पण सूप काही त्यांनी बाजूला ठेवले नाही.

वैजयंतीबाई समोर जमिनीवरच बसल्या. रिक्षात जुळवलेली सगळी वाक्ये विसरल्या आणि शेवटचे होते तेच आधी बोलल्या. “अक्का, अप्पा ‘बेडी’ म्हणालेच नव्हते. मी त्यांच्या ओठाला दुधाचा कप लावला. ते ‘बेड्री’ म्हणाले. मला तेव्हा कन्नड कळत नव्हतं. मी ‘बेडी’ लिहिलं.”

सावित्रम्मांच्या बोटांतली शेंग न फुटता तशीच राहिली. त्यांनी विचारले, “दुदात साखर घाटली व्हती का?”

“हो. दोन चमचे.”

“अप्पा साखरेचं दूध जन्मात प्याले न्हाईत.” त्या सुपाकडे बघत बोलत होत्या. “मी असते तर सांगितलं असतं. मी अंगोळीला गेले की.”

 बाईंना हात पुढे करावासा वाटला, पण धीर झाला नाही. सावित्रम्मांनी मग मान वर करून सरळ विचारले की इतकी वर्षे का सांगितले नाही. बाईंनी खोटे बोलायचे नाही असे घरूनच ठरवले होते. “भ्याले,” त्या म्हणाल्या. “आणि पुस्तकात माझं नाव आहे, अक्का. तेवढंच एक आहे माझं.”

 सावित्रम्मांनी ती शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. बाईंना वाटले आता आपल्याला उठायला सांगतील. म्हणून जे सांगायला त्या आल्याच नव्हत्या, जे त्यांच्या लेखी कधी महत्त्वाचे नव्हते, तेही त्यांनी सांगून टाकले. शब्द लिहून झाल्यावर त्यांनी ती ओळ मास्तरांना वाचून दाखवली होती, ‘हाती आता उरली बेडी’, बरोबर ना साहेब म्हणून. आणि मास्तर हसले होते. हसले, म्हणजे बरोबर आहे असे समजून त्यांनी तक्ता मिटला होता.

“हसले?” सावित्रम्मांनी सूप खाली ठेवले. “कसे हसले?”

“आवाज न्हवता. पण पोट हललं. डोळ्यांतनं पाणी आलं, ते मी पुसलं.” इतक्या वर्षांनी बाईंच्या तोंडी करमाळ्याची बोली आपसूक आली.

“तसंच हसायचे.” सावित्रम्मांनी पदर तोंडाला लावला. “कन्नडचं मराठीत कायतरी भलतंच झालं की पोट हलायचं त्यांचं. आमी दोघंच हसत बसायचो, बाकी कुनाला कळायचं न्हाई.” मग त्या रडल्या. मोठ्याने नाही, पण मोकळ्या रडल्या. “चाळीस वर्सं मला वाटत आलं, सिस्टर, शेवटाला अप्पांनी माज्या हातातनं हात सोडवून घेटला.”

आता वैजयंतीबाईंनी त्यांचा हात धरला. दोघी तशाच बसल्या. मग बाईंना पाथरवटाची आठवण झाली आणि त्यांनी घाईघाईने सांगितले की तो जेवून आला की ‘बेडी’ कोरणार आहे. सावित्रम्मांनी डोळे पुसले, दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, “चला.”

रिक्षात बाई एवढेच म्हणाल्या की आता पुस्तकातले आपले नाव जाईल. सावित्रम्मा बाहेर बघत होत्या. “जाईना का,” त्या म्हणाल्या. “मला ठावं हाय की तुमी कोन ते.”

गुरुशांत जेवून आला होता. ‘उरली’ कोरून झाले होते आणि त्याने ‘बे’च्या डोक्यावर छिन्नी टेकवलेली होती. सावित्रम्मांना पाहून तो उठून उभा राहिला. सगळी पेठ त्यांना ओळखत होती, आणि त्या या शिळेकडे कधी येणार नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक होते. सावित्रम्मांनी चारही ओळी हळूहळू वाचल्या. बापाची कविता त्या पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचत होत्या.

“अक्का, ह्यो शेवटचा शब्द तेवडा ऱ्हायलाय,” गुरुशांत म्हणाला. “कोरू न्हवं?”

सावित्रम्मा म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या.”

गुरुशांत गोंधळला. ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणजे शब्द राहू द्यायचा की कोरायचे राहू द्यायचे, हे त्याला कळेना. त्याने एकदा अक्कांकडे पाहिले, एकदा सोबतच्या बाईंकडे. सरांनी लिहून दिलेला कागद खिशातून काढला आणि तो उलगडून दाखवू लागला.

वैजयंतीबाई नळाकडे गेल्या. त्यांनी रुमाल भिजवला, पिळला आणि शिळेजवळ येऊन ‘बेडी’ हा शब्द पुसला. गेरू सहज निघाला. एक लाल ओघळ खाली आला, तोही त्यांनी टिपला. जखम पुसावी तसा हलका हात होता त्यांचा. सवयच होती. ‘उरली’च्या पुढे आता दोन अक्षरांची ओली, काळी जागा होती.

“सर इचारतील,” गुरुशांत म्हणाला. “वळ अर्दीच ऱ्हायली म्हणतील.”

“मी सांगेन त्यांना,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “उद्या मी बोलायला उभी राहणार आहे.”

सावित्रम्मांचे तिकडे लक्ष नव्हते. त्या पुढे झाल्या आणि ‘हाती आता उरली’च्या पुढच्या मोकळ्या जागेवर त्यांनी आपला तळवा टेकला. दगड उन्हाने तापला होता, तरी त्यांनी हात काढला नाही. गुरुशांतने छिन्नी पिशवीत टाकली, बसायची पालथी बादली सावलीत सरकवली आणि त्यांचे होईपर्यंत बसून राहिला.