बर्फात कोणीतरी आलं

मित्रांनो, मी एक म्हातारी जपानी कादंबरी आहे. माझी पानं उजवीकडून उलटतात आणि ओळी वरून खाली उतरतात. टेक्सासमधल्या प्लेनोच्या ज्या घरात मी राहिले, तिथे मला वाचू शकणारं एकच माणूस होतं. ते म्हणजे आबा.

माझा जन्म टोकियोतल्या एका लहानशा छापखान्यात झाला. माझ्या पोटात एका खुनाची गोष्ट आहे. डोंगरातल्या सराईत बर्फ पडत असताना कोणीतरी मुक्कामाला येतं, आणि सकाळी सराईचा मालक मेलेला सापडतो. खुनी कोण, हे मी शेवटच्या प्रकरणापर्यंत कळू देत नाही. त्या काळी वाचकांनी माझं फार कौतुक केलं.

आबांचं नाव गुरुनाथ. तरुणपणी ते जपानी शिकायला टोकियोला आले, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी त्यांना सापडले. पुढे पुण्यात त्यांनी कितीतरी वर्षं जपानी शिकवलं. वरच्या वर्गाला ते मलाच वाचायला लावत. मुलं माझ्या समासात पेन्सिलीने अर्थ लिहीत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आबांच्या पत्नी वारल्या आणि मुलगा प्रथमेश आबांना इकडे घेऊन आला. इथे सकाळी सगळे आपापल्या गाडीने निघून जातात. मागे घरात फक्त एसीची घरघर उरते. आबांना गाडी चालवता येत नाही, आणि पायी जावं असं जवळ काही नाही. जिभेवरची भाषा निसटू नये म्हणून ते मला मोठ्याने वाचत. ऐकायला मी एकटीच असे. पुढे त्यांची नजर अधू झाली. अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला खोक्यात ठेवलं. खोकं गॅरेजमध्ये गेलं. तिथल्या उन्हाळ्यात माझा डिंक सुकला, पानं सुटू लागली. कोणाला पत्ताही नव्हता.

मला बाहेर काढलं ते अनयाने, आबांच्या नातीने. ती हायस्कूलमध्ये होती आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायचा तिला नाद होता. रंग शोधताना तिला मी दिसले.

"आबा, यू कॅन रीड धिस? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"तू कधी विचारलं नाहीस, बाळा," आबा म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी आबा मला मांडीवर घेऊन आठवणीतून गोष्ट सांगू लागले, थोडी थोडी. खुनी कोण हे ते मुद्दामच सांगत नव्हते. अनया त्या गोष्टीचा मांगा करू लागली. सराई, कंदील, बर्फाने वाकलेले बांबू. मला प्रथमच चेहरा मिळत होता.

शेवटचं प्रकरण आलं. आबा म्हणाले, "तो पाहुणा म्हणजे मालकाची टाकलेली बायको."

अनयाने पेन खाली ठेवलं. "तुम्ही 'पाहुणा आला' म्हणालात. मी सगळीकडे पुरुष काढलाय, आबा. दॅट्स चीटिंग."

आबा ओशाळले. जपानीत क्रियापदावरून बाई की पुरुष हे कळत नाही. मी कुठेच खोटं बोलले नव्हते. मराठीत सांगताना सवयीने 'आला' झालं होतं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. पण अनयाने कागद गुंडाळले आणि ती उठून गेली.

पुढचे कित्येक शनिवार आबा मला घेऊन टेबलाशी बसत. कोणी येत नसे. गॅरेजमध्येही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

एका दुपारी अनया आली आणि आबांजवळ बसली. त्यांना चित्र नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने त्यांचं बोट धरून कागदावरून फिरवलं. "इथे माणूस काढलंच नाही. ओन्ली दार. अर्धं उघडं, आणि आत येणारा बर्फ. खाली लिहिलंय, कोणीतरी आलं."

"आलं," आबा हळूच म्हणाले. त्यांचं बोट बराच वेळ त्या दारावर थांबलं होतं.

मांगा पुरा झाला. चित्रकला शिकायला अनया दूरच्या राज्यात गेली. तिथे तिने जपानीचा वर्गही घेतला. निघण्याआधी तिने माझी सुटी पानं शिवली होती, आणि आबांनीच मला तिच्या बॅगेत ठेवलं होतं. एका रविवारी तिने फोनवर माझं पहिलं वाक्य अडखळत त्यांना वाचून दाखवलं.

 पलीकडून आबा म्हणाले, "शेवटचा स्वर जरा लांबव. हं. आता पुढे वाच."

मला आता त्यांचा हात लागत नाही. आवाज तेवढा रविवारी येतो. मित्रांनो, आम्हा पुस्तकांना ऊन आणि वाळवीपासून जपाच. पण तुमच्या घरात दिवसभर गप्प बसणारं कोणी असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांना काय काय येतं ते विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.