माझा उडालेला टवका

मित्रांनो, मी एक जुना तांबडा दगड आहे. जुना म्हणजे केवढा, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, दगडाने थापा मारायला सुरुवात केली! आपल्या यवतमाळातले काळे दगड स्वतःला फार पुरातन समजतात. पण ते तापलेल्या रसाच्या रूपात जमिनीतून बाहेर पडले, तेव्हा मी चांगला म्हातारा झालो होतो.

माझा जन्म खोल समुद्रातला. तिथे उजेड नाही, लाट नाही, आवाज नाही. वरच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहायचे. त्यांचे सांगाडे काचेच्या जाळीसारखे नाजूक आणि खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. जीव मेले की हे सांगाडे सावकाश तळाशी उतरायचे. लाखो वर्षं असं साचत गेलं, घट्ट झालं आणि त्याचा मी झालो. गाळातल्या लोखंडाने मला रंग दिला. त्या शांततेची आठवण आली की अजून गलबलून येतं. पुढे जमिनीला जमीन भिडली, समुद्र मिटला आणि मी थेट लडाखच्या डोंगरावर! कुठे तो तळ आणि कुठे ते आभाळ!

तिथे मला मधुसूदन सर भेटले. यवतमाळच्या एका कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे. तेव्हा तरुण होते, केस काळेभोर होते. मला स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी इथवर आणलं. दर वर्षी नव्या वर्गात मी हातोहात फिरायचो. "पोरांनो, हिमालयाच्या जागी समुद्र होता. त्याचा हा साक्षीदार!" सर म्हणायचे, आणि पोरं आ वासून बघायची. बाप्पा, काय दिवस होते ते!

एकच गोष्ट मला खुपायची. सरांनी मला कधी फोडलं नाही. वाऱ्यापावसाने माझी वरची साल मळकट झालेली. जे काही होतं ते आत. आतले सांगाडे तपासले असते तर माझं वय कळलं असतं. आतलं लोखंड नि मँगनीज मोजलं असतं तर मी किनाऱ्यापासून किती दूर साचलो, याचा अंदाज आला असता. पण सरांचा माझ्यात जीव अडकलेला. "तरुणपणची आठवण आहे, राहू दे अख्खी," म्हणत ते मला काचेच्या कपाटात ठेवायचे. हळूहळू वर्गात नेणंही थांबलं. अंगावर धूळ साचली, कुणी पुसलीही नाही.

मग कापसाचा भाव पडला, ती वाईट वर्षं आली. घराघरांत कापूस आढ्यापर्यंत पडून राहिला आणि कॉलेजातले बाक रिकामे होऊ लागले. आमच्या वर्गात राखी तेवढी नेमाने यायची. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची ही बंजाऱ्यांची पोर. बोलणं कमी, बघणं जास्त. एकदा चित्र काढायला तिने मला कपाटातून बाहेर काढलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्याच दुपारी तिचे वडील रूपसिंग आले.

"सर, पोरीले घेऊन जातो. आम्ही दोघं ऊसतोडीले चाललो. घरच्या लहान लेकराइले कोण पाहीन?"

राखी मान खाली घालून उभी. सरांनी परोपरीने समजावलं, पण रूपसिंग ऐकेनात. मला आवडीने हात लावणारी एकच पोर, तीही चालली!

बोलता बोलता रूपसिंगांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अरे, हे त् चकमक हाये! आमचे आजे बैलाइवर मीठ घेऊन फिरत, तवा अशाच दगडानं विस्तव पाडत." आणि सर "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी खिशातला अडकित्ता काढून माझ्यावर खणकन हाणला. ठिणग्या उडाल्या आणि माझा टवकाही!

सर ताडकन उठले. "काय केलंत हे! उभ्या आयुष्यात ओरखडा पडू दिला नव्हता मी याला!"

"चुकलं सर," रूपसिंग ओशाळून म्हणाले. "हात आवरला नाही."

राखीने मात्र तो टवका उचलला. ताज्या बाजूला पाणी लावलं आणि भिंग धरलं. "सर, ठिपके! किती ठिपके! तेच सांगाडे! बा, देक!" आणि मग ती जी सुटली! ते जीव कुठे राहायचे, खाली कसे उतरले, समुद्र कसा मिटला, सगळं एका दमात सांगू लागली. रूपसिंगांनी भिंगातून पाहिलं. मग भिंग खाली ठेवून ते पोरीकडे बघू लागले.

"घरी त् हिच्या तोंडातून शब्द नाही निघत," ते हळूच म्हणाले. मग सरांकडे वळले. "आतमंदी एवढं होतं, त् आधीच फोडला काहून नाही, सर?"

सरांनी राखीच्या हातातला टवका आपल्या तळहातावर घेतला.

"लेकराइले माझ्या बहिणीकडं ठेवतो, जमनीकडं," रूपसिंग उठत म्हणाले. "राखीले राहू द्या इथंच."

मित्रांनो, पुढच्याच आठवड्यात सरांनी स्वतःच्या हाताने मला कापलं. डोळे पुसत कापलं, पण कापलं. राखीने माझ्या पातळ चकत्या घासून काचेवर चिकटवल्या. थोडी भुकटी तपासायला नागपूरला गेली. आता मी मुठीएवढा उरलोय. तुमच्या शाळेत, घरात असं काही जपून ठेवलेलं असेल तर त्याला बाहेर काढा, हाताळा, प्रश्न विचारा. कापताना दुखलं का, असं विचाराल तर दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कपाटात जास्त दुखायचं.