गोलखांबांमागची जागा

गेल्या हिवाळ्यापर्यंत मर्ल शेजारच्या गनाडा गावाच्या फुटबॉल मैदानावर आली की गाडी पार टोकाला, संडासांच्या भिंतीशी लावायची. पाहुण्या गावाची जागा तीच. तिच्या नवऱ्याने, क्लाइवने, सगळं आयुष्य इथले सामने तिथूनच, गाडीत बसून पाहिले आणि काच खाली करून गनाडावाल्यांचा उद्धार केला.

आज मात्र ती पाहुणी नव्हती. तिच्या वॉरब्रूक गावाला ऑस्ट्रेलियन फुटबॉलला लागणारे अठरा खेळाडू जमेनासे झाले होते. गहू पेरायला यंत्रं आली, माणसं काम शोधत गाव सोडून गेली आणि शाळेतली बाकं रिकामी पडली. म्हणून दोन्ही गावांचे संघ एक झाले. जर्सी अर्धी निळी, अर्धी तांबडी. मैदान मात्र गनाडाचं. एकत्र व्हायच्या ठरावाला पहिला हात वर केला तो तिच्याच मुलाने, डेरिलने. नव्या संघाला शिकवायचं कामही त्याच्याकडे आलं. तेव्हापासून मर्ल त्याच्याशी कामापुरतं बोलायची. त्याचा फोन आला की पाऊस किती झाला ते सांगायची आणि ठेवून द्यायची.

गुरुवारी तो स्वतः घरी आला. ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, शनिवारी ये. मी पुन्हा विचारणार नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला भीती वाटली. पोर खरंच विचारायचं थांबेल, हे तिला कळलं.

म्हणून ती आली. अंगात उत्साह म्हणावा असा नव्हताच. इतकी वर्षं निळ्या जर्सीतला चिखल घासला, सामन्याच्या दिवशी सॉसेजबरोबर कांदे परतले, आणि त्या सगळ्याचा शीण आता गुडघ्यात येऊन बसला होता. गोलखांबांमागे एक मोकळी जागा दिसली. तिने गाडीचं नाक कुंपणाला टेकवलं, काच अर्धी खाली केली आणि थर्मास उघडला.

चूक लक्षात आली ती आजूबाजूला गाड्या भरल्यावर. दोन्हीकडची माणसं तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. वॉरब्रूकच्या मैदानावर निलगिरीखाली क्लाइवची अशीच ठरलेली जागा होती. तो गेल्यावरही तिथे कोणी गाडी लावली नव्हती. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे तिला कोणी शिकवायला हवं होतं का?

तेवढ्यात खिडकीशी गनाडाचा रॉय पास्को येऊन उभा राहिला. ऐन तारुण्यात, एका सामन्यात, याच रॉयच्या कोपराने क्लाइवच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

"वहिनी, ही आमची जागा."

"काढते गाडी."

"आता कुठे काढता? मागे रांग लागलीये. बसा." तो दोन पावलं गेला आणि परत आला. "पण एक आहे. आपला गोल झाला की पहिला हॉर्न इथून वाजतो. माझ्या बापापासूनची रीत आहे. तोवर बाकीचे वाजवत नाहीत."

"मग हात घाला आत आणि वाजवा तुम्हीच."

"क्लाइवच्या गाडीचा? तो उठून येईल हो. आणि माझं कोपर आता पूर्वीसारखं राहिलं नाही."

मर्लला हसू आलं. ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

पहिला गोल झाला तो नेमका पास्कोंच्याच नातवाने मारलेला. पंचाने निशाण हलवलं. सगळं मैदान गप्प. एकही गाडी वाजेना. कडेला उभा असलेला डेरिल मान वळवून तिच्याकडे बघत होता.

पास्कोंपैकी कोणी गोल मारला की क्लाइव काच वर करून घ्यायचा. वैर धरून ठेवायलाही ताकद लागते. क्लाइवकडे ती होती. मर्लने मांडीवरच्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हा हात आणखी किती दिवस असा आवरून धरायचा? आणि कोणासाठी?

तिने हॉर्न दाबला. म्हातारी मेंढी खोकावी तसा तो घोगरा वाजला. मग एकामागून एक, सगळ्या कुंपणाभोवतीच्या गाड्या ओरडू लागल्या.

डेरिलने हात केला नाही. फक्त पाठ फिरवली, टोपी काढली आणि पुन्हा घातली. लहानपणी रडू आवरताना तो असंच करायचा.

संघ सपाटून हरला. सामन्यानंतर डेरिल येऊन खिडकीत वाकला. तिने उरलेला कोमट चहा त्याच्या हाती दिला.

"दमलीस?"

"दमले रे."

गाड्या निघू लागल्या. रॉय जाता जाता थांबला. "वहिनी, पुढच्या वेळी मी शुक्रवारीच गाडी आणून लावतो बघा."

"लावा की," मर्ल म्हणाली. "मी गुरुवारी येते."